शेंगांचे दिवस

मुंबईत थंडी पडली की नाही, यावर दरवर्षी डिसेंबरात लोकलच्या डब्यात वाद रंगतो. पारा सोळा-सतरावर आला की कुणी मफलर काढतो, कुणी त्याच्याकडे बघून हसतो, आणि सकाळचा पंखा बंद ठेवायचा की एकवर, एवढ्यावर घराघरातली थंडी संपते. वाद मिटवायचाच असेल तर भायखळ्याला उतरावं, पूर्वेला बाहेर पडावं आणि दहा-पंधरा मिनिटं चालत राणीच्या बागेत जावं. तिथल्या झाडांना थंडीशी फारसं कर्तव्य नाही. त्यांचा हिशेब पाण्याचा. सप्टेंबरअखेर पाऊस उठतो, ऑक्टोबरचं ऊन जमीन भाजून काढतं, आणि जानेवारी उजाडेपर्यंत मातीचा वरचा थर कोरडा पडलेला असतो. पान म्हणजे पाणी उडवणारं भोक. ज्यांना परवडत नाही ती झाडं पानं टाकतात. युरोपातली झाडं बर्फाच्या धास्तीनं उघडी होतात, आपली तहानेच्या धास्तीनं. हा एवढा फरक डोक्यात ठेवला की हिवाळ्यातली बाग कळायला लागते.

बाग जुनी आहे. १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली, नाव ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’. तिच्या पोटात वाढलेलं संग्रहालय १८७२ चं, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. बागेला जिजामातांचं नाव मिळूनही बरीच वर्षं झाली, पण बोलताना लोक अजून राणीची बागच म्हणतात. ती कुठली राणी, हे आता कुणी विचारत नाही. प्राणी इथे नंतर आले. आधी झाडं होती आणि झाडांसाठीच ही जागा आखली गेली होती, हे मुलांना पेंग्विन दाखवायला आणणाऱ्या आईबाबांना ठाऊक नसतं. त्यात त्यांचा दोष नाही. पेंग्विनच्या दाराशी पाटी मोठी आहे, झाडांच्या पाट्या तळहाताएवढ्या.

जायचं कधी? बुधवारी बाग बंद असते, हे पहिलं. दुसरं म्हणजे जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन इथेच भरतं. ते बघायचं असेल तर जरूर जा, पण झाडं बघायला त्या दिवशी जाऊ नका. सगळी गर्दी कुंड्यांभोवती आणि सेल्फीसाठी मांडलेल्या फुलांच्या आकृत्यांभोवती असते, आणि खोडापाशी दोन मिनिटं उभं राहिलं तरी मागून ‘जरा सरका’ येतं. मधल्या वारी, दार उघडल्या उघडल्या आत शिरावं. तिकीट २०१७ साली पाचाचं पन्नास झालं तेव्हा बरीच ओरड झाली होती. एका झाडाचे किती पैसे पडले असा हिशेब केला तर ते आजही महाग नाही.

बरोबर फार काही लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल, शिंप्याकडची दीड मीटरची टेप आणि पाणी. दुर्बीण असेल तर उत्तम, कारण हिवाळ्यात बघण्यासारख्या निम्म्या गोष्टी शेंड्यावर असतात. पेन नको, पेन्सिलच. पानाची बाह्यरेषा चुकते, खोडावी लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेकांना झाड फुलावरून ओळखता येतं, आणि म्हणून हिवाळ्यात बाग ‘ओसाड’ वाटते. फुलावरून झाड ओळखणं म्हणजे माणसाला फक्त मुंडावळ्यांत ओळखणं. लग्न झालं, मुंडावळ्या उतरल्या की नवरदेव कोण हे कळेनासं होतं. झाडाचा उरलेला संसार साल, फांद्यांची ठेवण, पानाची जोडणी आणि फळ यांत असतो. यातली पहिली दोन हिवाळ्यात उघडी पडतात आणि चौथं हाताशी येतं. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च हे शेंगांचे दिवस.

सुरुवात बदामापासून करावी. बागेत शिरायच्या आधी रस्त्यावरच तो भेटतो. मुंबईत ‘पानं लाल होणं’ म्हणजे बदाम, दुसरं कुणी नाही. पडलेलं ताजं लाल पान उचलून सूर्यासमोर धरलं तर शिरांच्या कडेनं हिरवा रंग अजून रेंगाळलेला दिसतो. झाड पान टाकण्याआधी त्यातला ऐवज परत ओढून घेतं, आणि ती वाहतूक शिरांतून चालते म्हणून शिरांजवळचा हिरवा शेवटी जातो. घर रिकामं करताना जिन्यातला दिवा शेवटी बंद करावा, तसं. लाल रंग मात्र आधीपासून दडलेला नसतो. तो जाता जाता नव्यानं तयार होतो.

बागेतली सगळ्यात मजेशीर फसगत हाताच्या पंजासारख्या पानांची आहे. गोरखचिंच, काटेसावर, पांढरी सावर आणि जंगली बदाम या चारही झाडांची पानं पंजासारखी, एका देठाच्या टोकाला पाच-सात पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे तुकडे. चौघं एकाच कुळातली, भेंडी आणि जास्वंद जिथली तिथलीच. चौघं कोरड्या दिवसांत पानं टाकतात. मग उरतं काय? खोड. गोरखचिंचेचं खोड राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं, आणि उंचीच्या मानानं अवाजवी जाड. ते मऊ लाकडात पाणी धरून असतं, आणि पाण्याच्या चढउतारानं त्याचा घेर थोडा कमी-जास्त होतो. म्हणून या झाडाचा घेर मोजलात तर शेजारी महिना लिहून ठेवा. नुसता आकडा कामाचा नाही. फळ लांब देठावर लोंबतं, वर मखमली लव. काटेसावरीच्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, पण म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्यावर ते झिजून गेलेले असतात. इथे नवखे हमखास चुकतात. बुंधा बघून ‘काटे नाहीत’ म्हणतात आणि पुढे जातात. मान वर करून तरुण फांद्या बघाव्यात, काटे तिथे सापडतात. पांढऱ्या सावरीची साल हिरवट आणि फांद्या खोडापासून काटकोनात, थराथरानं, विजेच्या खांबावरच्या आडव्या पट्ट्यांसारख्या. जंगली बदामाच्या शेंगा होडीसारख्या, कडक, लाल, पिकून उघडल्या की आत काळ्या बिया. तो फेब्रुवारीच्या आसपास फुलतो आणि तेव्हा त्याला ओळखायला डोळे लागतच नाहीत. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव खताच्या रोमन देवावरून आलंय आणि पुढचा शब्द ‘दुर्गंधी’ अशा अर्थाचा, तेव्हा नाव ठेवणाऱ्यानं एकदा सांगून समाधान मानलेलं नाही.

गोरखचिंचेचं मूळ घर आफ्रिका. तिचं शास्त्रीय नाव पाटीवर ‘अडान्सोनिया डिजिटाटा एल.’ असं असतं. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी, ती पर्णिकांमुळे. शेवटचा ‘एल.’ म्हणजे लिनियस, हे नाव देणारा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ. पाटी अशी वाचली तर ती बोलते. नाहीतर पाटी म्हणजे फोटोत येणारा अडथळा. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या बागेत पाटी एका झाडाची आणि झाड भलतंच, असं होतं. झाड पडतं, पाटी राहते, शेजारी दुसरं रोप वाढतं. दोन झाडांच्या मधोमध पाटी असली तरी गोंधळ. म्हणून आधी झाड बघा, मनाशी अंदाज बांधा, मग पाटी वाचा. उलट क्रमानं गेलं की डोळे पाटीला हो म्हणतात.

पान बघतानाही एक ठरलेली चूक आहे. शिरीष, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक बारीक ‘पानं’ ही पानं नव्हेतच, त्या पर्णिका. खरं पान कुठून सुरू होतं ते शोधायचं तर देठाच्या बगलेत बघावं. जिथे कळीचा लहानसा फुगवटा दिसतो, तिथून पुढचं सगळं एक पान. पर्णिकेच्या बगलेत कळी कधीच नसते. भिंगाचा पहिला उपयोग हाच. एकदा हे जमलं की आपण ज्याला फांदी म्हणत होतो ती हातभर लांब एकच पान होती, हे कळून जरा शरमल्यासारखं होतं.

शिरीष आणि पर्जन्यवृक्ष यांची तर कायमची सरमिसळ. हिवाळ्यात त्यांचा निकाल शेंगेवर लागतो. शिरीषाची शेंग कागदासारखी पातळ, गवती पिवळी, आत बियांचे फुगवटे स्पष्ट. झाडावर पानं उरत नाहीत, फक्त शेंगा, आणि दुपारी वारा सुटला की सगळं झाड खुळखुळतं. पर्जन्यवृक्षाची शेंग जाड, काळपट, दाबली तर आत चिकट गोडसर गर, आणि ती बहुतेक वेळा चपलेला चिकटल्यावरच लक्षात येते.

मोबाइलमधली झाड ओळखणारी अॅप इथे घोटाळा करतात, पण खरा दोष आपण त्यांना पुरवलेल्या फोटोचा असतो. एकच फोटो, तोही शेंड्याचा, मागे आकाश पांढरं. त्यापेक्षा पाच फोटो काढावेत: दुरून सगळं झाड, छातीच्या उंचीवरची साल, पानं फांदीवर कशी बसलीत ते (समोरासमोर की एकाआड एक), पानाची पाठ, आणि फळ किंवा शेंग शेजारी नाणं ठेवून. पानाची पाठ सगळे विसरतात. लव, ग्रंथी, शिरांचा उठाव, सगळं पाठीवर असतं.

फुलं अगदीच नाहीत असं नाही. हिवाळ्यातला या बागेचा मानाचा पाहुणा म्हणजे उर्वशी. ब्रह्मदेशातलं झाड. १८२० च्या दशकात साल्वीन नदीकाठच्या एका मठाच्या बागेत ते इंग्रजांच्या नजरेला पडलं आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अॅमहर्स्ट यांच्या नावानं शास्त्रात नोंदलं गेलं. फुलांचा घोस झुंबरासारखा खाली लोंबतो, हात-दीड हात लांब. एकेका फुलाला शेंदरी-लाल पाकळ्या, त्यातली एक पंख्यासारखी रुंद आणि तिच्या टोकाला पिवळा ठिपका. फोटो सगळे याचेच काढतात. पण फुलांआधी तिची कोवळी पालवी बघावी. ती फांदीच्या टोकाला ओल्या रुमालासारखी लुळी लोंबते, तांबूस-जांभळट, जणू झाड आजारी आहे. पाणी कमी पडलं म्हणून असं झालंय असा समज होतो, तो चुकीचा. पान आधी पूर्ण लांबी गाठतं, हिरवा रंग आणि ताठपणा त्याला नंतर येतो. कोवळेपणी त्यात खाण्यासारखं फारसं नसल्यामुळे अळ्या-किड्यांना ते नको असतं, असं या पद्धतीचं एक स्पष्टीकरण देतात. सीता अशोकाची पालवी हुबेहूब अशीच, कारण दोघं एकाच घराण्यातली. उर्वशी शेंगा क्वचितच धरते, म्हणून तिची रोपं बहुधा गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून करतात. सहजासहजी वाढत नाही, म्हणूनच ती चौकाचौकात दिसत नाही. नाहीतर गुलमोहरासारखी तीही आपण एव्हाना पदपथावर उभी करून डांबरात गाडली असती.

सीता अशोकाचं नाव घेतलं की दुसऱ्या ‘अशोका’चा निकाल लावायलाच हवा. सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उभा, नागमोडी काठाच्या लांब पानांचा, तो आसुपालव. अशोक नव्हे. खरा अशोक बुटका, पसरट, दाट सावलीचा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या फांद्यांवर, खोडावरसुद्धा, फुलांचे गेंद यायला लागतात. फूल उमलतं पिवळं-नारिंगी आणि म्हातारं होता होता लाल होतं, त्यामुळे एकाच गेंदात तीन रंग. भिंगाखाली मौज अशी की ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच. अशोकाला पाकळ्या नसतात. ती रंगीत निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी हिरवी दलं, आणि त्यांतून बाहेर आलेले लांब केसर.

कैलासपती बहुतेक वर्षभर फुलतो, म्हणून हिवाळ्यातही निराश करत नाही. नागाची फणी, खाली शिवलिंग, हे सगळं आपण त्यात बघितलं आणि झाडाला आपलंसं केलं. मूळचा तो दक्षिण अमेरिकेचा. त्या फणीत खरी गंमत आहे. फुलाला पुंकेसर दोन ठिकाणी असतात: मधल्या चकतीभोवती कडं करून बसलेले आखूड, आणि फणीवरचे लांब. बी धरवणारे पराग कड्यातले. फणीवरचे पराग वांझ, ते फक्त येणाऱ्या भुंग्याला खायला. भुंगा वरचं खात असतो तेव्हा त्याच्या पाठीला खालचं चिकटतं. जेवण वर, टपाल खाली. पडलेलं ताजं फूल उचललं तर हे दोन्ही प्रकार साध्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. फळ तोफेच्या गोळ्याएवढं, पिकायला वर्षभर किंवा जास्त, आणि फुटलं की त्याचा वास जवळ उभं राहू देत नाही. त्याच्याखाली डबा उघडू नये, ब्रह्मदंडाखाली तर मुळीच नाही. ब्रह्मदंडाची फळं दोरीला बांधलेल्या दुधीसारखी लोंबतात, पाच-सहा किलोपर्यंत भरतात, आणि कधी सुटतील याचा नेम नाही.

दुपारी साडेबारा ते एक या वेळात झाडाची उंची मोजण्याचा एक सोपा उद्योग करता येतो, आणि तो फक्त याच दिवसांत. डिसेंबरअखेरीला मुंबईत सूर्य माथ्यावर येतच नाही. पावणेएकच्या सुमारास, म्हणजे तो सर्वांत उंच असतो तेव्हाही, क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढलेला असतो. त्या वेळी कुठल्याही सरळ वस्तूची सावली तिच्या उंचीच्या नऊ-दशांश पडते. सावली पावलांनी मोजा, दहावा हिस्सा वर धरा, झाली उंची. जानेवारीच्या मध्याला सावली थोडी आखूड होते, तेव्हा आधी स्वतःची उंची आणि सावली टेपनं मोजून प्रमाण काढावं. मे महिन्यात हा खेळ बाद, कारण सावली बुंध्यातच गोळा होते. अंतर बुंध्याच्या मध्यापासून धरायचं, कडेपासून नाही. आणि हा हिशेब ताडासारख्या सरळ, निमुळत्या झाडालाच लागू. पर्जन्यवृक्षासारख्या छत्रीला तो फसवतो, कारण सावलीचं टोक शेंड्याचं नसून उत्तरेकडे पसरलेल्या फांदीचं असतं, आणि झाड आहे त्यापेक्षा उंच भरतं. घेर मोजायचा तो जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर. टेप तिरकी गेली की आकडा वाढतो.

महोगनीखाली मात्र मोजमाप सोडून द्यावं. तिचं फळ मुठीएवढं, लाकडी, देठाकडून पाच फाकांनी उकलतं, आणि आत पन्नासेक बिया फरशा लावाव्यात तशा एकमेकींवर रचलेल्या. प्रत्येक बीला एकच पंख. वरून सोडली की बी भोवऱ्यासारखी फिरत, रमतगमत खाली येते. पंख मोडून सोडली तर दगडासारखी पडते. लहान मुलाला बिया वाऱ्यानं लांब कशा जातात हे समजावायला दुसरं काही लागत नाही. चार वेळा सोडून बघितलं की पाचव्यांदा ते स्वतःच पंख मोडून बघतं.

चारनंतर ऊन तिरपं होतं आणि सालीवरची प्रत्येक भेग उठून दिसते. पाचच्या सुमारास पर्जन्यवृक्षाच्या पर्णिका जोडीजोडीनं मिटायला लागतात. सगळं झाड एकदम झोपत नाही. सावलीतली फांदी आधी मिटते, पश्चिमेकडची शेवटी. तोवर रखवालदाराची शिट्टी ऐकू येते.

बाहेर पडताना बहाव्यापाशी थांबावं. भायखळा हे नाव बहाव्यावरूनच पडलं, ‘भाया’ म्हणजे बहावा आणि त्यापुढे खळं, असं एक जुनं मत आहे. एप्रिल-मेमध्ये जो पिवळ्या झुंबरांनी डोळे दिपवतो तो आता काळ्या छड्या लटकवून उभा असतो, हात-दीड हात लांब. बागेतली शेंग बागेतच राहू द्यावी. मुंबईच्या रस्त्यांवर बहावा पुष्कळ आहे, पडलेली शेंग कुठेही मिळते. ती फोडली तर आत नाण्यांची चवड रचल्यासारखे पातळ पडदे, दोन पडद्यांमध्ये एक चपटी तपकिरी बी आणि काळा चिकट मगज. हाच तो जुलाबाचा औषधी मगज, तेव्हा मुलांना चाखायला देऊ नये. बिया धुऊन पाण्यात टाकाव्यात. तरंगतील त्या बहुतेक किडलेल्या, त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं. बुडालेल्यांचं कवच इतकं टणक की नुसत्या पेरल्या तर महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात. म्हणून एका कडेला सँडपेपरवर घासायच्या, तपकिरीखालचा फिका रंग दिसेपर्यंतच. डोळ्याकडची बाजू सोडायची, कोंब तिथून येतो. मग रात्रभर पाण्यात. सकाळी ज्या टम्म फुगल्या असतील त्या बोटाच्या एका पेराइतक्या खोल लावायच्या, आणि ज्या फुगल्या नाहीत त्या पुन्हा घासायला घ्यायच्या.